व्हिडिओ चालू असताना तुम्ही कुठे उभ्या असता?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

"स. न. वि. वि. मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी एका कला महाविद्यालयात तासिका तत्त्वावर मानसशास्त्र शिकवते. एस.वाय.ला पटावर ५८ मुलं आहेत, बाकावर तीसेक दिसतात. जवळपास सगळी मराठी माध्यमाची. मागच्या वर्षी वर्गात प्रोजेक्टर बसला आणि मी हौसेने व्हिडिओ दाखवायला लागले. स्टॅनफर्डच्या तुरुंग-प्रयोगावरचा माहितीपट पूर्ण दाखवला, अख्खा तास गेला. मुलं डोळे फाडून बघत होती. पण चाचणीत निम्म्या जणांनी लिहिलं, 'झिंबार्डो या जेलरने कैद्यांचा छळ केला.' नैराश्यावरची एक क्लिप चालू असताना एक मुलगी रडत बाहेर गेली, ती दोन आठवडे आलीच नाही. एकाने तोंडावर सांगितलं, 'मॅडम, यूट्यूबवरचे सर तुमच्यापेक्षा भारी शिकवतात.' प्राचार्य म्हणतात, दाखवा, नॅकच्या मूल्यांकनाला लागतं. स्टाफरूममधले एक ज्येष्ठ सर म्हणतात, 'पिक्चर लावून मानधन घेताय, मजा आहे.' व्हिडिओ बंद करू का? की मलाच ते जमत नाही?"

— एक प्राध्यापिका

सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ बंद करू नका. 'जमत नाही' हेही डोक्यातून काढून टाका. मात्र तासभराचा माहितीपट पुन्हा लावू नका. आणि पुढे वाचण्याआधी एका प्रश्नाचं खरं उत्तर मनातल्या मनात द्या : व्हिडिओ चालू असताना तुम्ही कुठे उभ्या असता?

मी मागच्या बाकावर बसायचे. ३१ वर्षं शिकवलं, त्यातली निदान दहा तरी अशी गेली. आमच्या कॉलेजात व्हीसीआर आला तेव्हा त्याचं कोण कौतुक! कपाटाची किल्ली शिपाईमामांकडे, टीव्ही ट्रॉलीवरून ढकलत आणायचा, खिडक्यांना काळे पडदे. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, अंधार, पंख्याची घरघर. कॅसेट सुरू झाली की मी मागे जाऊन जर्नलं तपासायला घ्यायची. चाळीस मिनिटांनी दिवे लागले की विचारायचं, "कसं वाटलं?" मुलं म्हणायची, "छान." एकदा पहिल्या बाकावरचा मुलगा चक्क घोरत होता; दिवे लागल्यावर डोळे चोळत तोही "छान" म्हणाला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अवधान आणि स्मृती ही प्रकरणं आपणच शिकवायची, आणि समोर बघणाऱ्या मुलांना शिकणारी मुलं समजायचं! अजून आठवलं की लाज वाटते.

आता तुमच्या पेपरातलं ते वाक्य. 'झिंबार्डो या जेलरने कैद्यांचा छळ केला.' तुम्ही लाल रेघ ओढून मोकळ्या झाला असाल. मी असते तर अर्धा गुण दिला असता. कैदी आणि पहारेकरी दोन्ही विद्यार्थीच, आणि छळ पहारेकरी झालेल्यांनी केला हे खरं, पण ऑगस्ट १९७१ मध्ये स्टॅनफर्डच्या तळघरात उभ्या केलेल्या त्या तुरुंगाचे अधीक्षक म्हणून फिलिप झिंबार्डो स्वतःच वावरत होते. प्रयोग करणारेही तेच आणि तुरुंग चालवणारेही तेच. दोन आठवड्यांचा बेत सहाव्या दिवशी गुंडाळावा लागला, तोही ख्रिस्टिना मास्लाख या तरुण संशोधिकेने समोर उभं राहून हरकत घेतल्यावर. म्हणजे तुमच्या मुलांनी अजाणता त्या प्रयोगाच्या वर्मावरच बोट ठेवलं आहे. पुढच्या तासाला ते वाक्य फळ्यावर लिहा आणि विचारा, "पंच आणि खेळाडू एकच माणूस असेल तर निकालावर किती भरवसा ठेवायचा?" मग सांगा की वॉर्डन झालेला विद्यार्थी एका मवाळ पहारेकऱ्याला 'जरा कडक वाग' म्हणून समजावतो आहे, असं ध्वनिमुद्रण पुढे उजेडात आलं. फ्रेंच संशोधक तिबो ल तेक्सिए यांनी २०१९ मध्ये जुनी कागदपत्रं आणि ध्वनिफिती तपासून या प्रयोगावर सविस्तर टीका केली. आपण वर्षानुवर्षं शिकवत आलो की गणवेश चढवला की माणूस आपोआप क्रूर होतो. त्यातलं 'आपोआप' आता डळमळलं आहे.

हे सगळं माहितीपट बघून मुलांना कळणं शक्यच नव्हतं. तो ज्यांचा प्रयोग, त्यांच्याच बाजूने सांगितलेला आहे. कॅमेरा कुणाच्या हातात होता आणि काय कापलं गेलं, हे पडद्यावर दिसत नाही. त्यामुळे कुठलीही क्लिप लावलीत की पहिला प्रश्न ठरलेला ठेवा : हे कुणी चित्रित केलं, आणि कशासाठी?

याच्या अगदी उलट नमुना दाखवायचा असेल तर जेम्स रॉबर्टसन यांचं काम दाखवा. १९५२ च्या आपल्या फिल्मसाठी लंडनमध्ये त्यांनी दोन वर्षांच्या एका मुलीचं इस्पितळातलं आठ दिवसांचं वास्तव्य चित्रित केलं. तेव्हा आईवडिलांना भेटीच्या अगदी मोजक्या वेळा असत. 'पोरं दोन दिवस रडतात, मग रुळतात' असं डॉक्टर-नर्स छातीठोकपणे सांगत. रॉबर्टसनना ठाऊक होतं की आपल्यावर 'रडतानाचेच तुकडे निवडलेत' असा आरोप होणार. म्हणून चित्रणाच्या वेळा आधीच ठरवून घेतल्या आणि भिंतीवरचं घड्याळ चौकटीत येऊ दिलं. डॉक्टरमंडळींपुढे ती फिल्म दाखवली तेव्हा अनेक जण चिडले. पण पुढे ब्रिटनमधल्या इस्पितळांनी भेटीचे नियम सैल केले. १९५९ च्या प्लॅट समितीच्या अहवालाने तशी शिफारस केली, आणि त्यामागे या फिल्मचाही हात होता. आपल्या वर्गातल्या मुलांना हे लगेच भिडतं. आपल्याकडे पोरगं ॲडमिट झालं की आई, आजी, मामी सगळ्या वॉर्डात पथारी टाकतात; हे निराळंही असू शकतं, हेच त्यांना नवं असतं. तीन मिनिटांचा तुकडा दाखवा, पॉझ करा आणि विचारा, "भिंतीवर काय दिसतंय? ते तिथे का आहे?" घड्याळाचं कारण ज्याला उमगलं, त्याला नमुना-निवडीतला पूर्वग्रह पुस्तकातून पुन्हा समजावून द्यावा लागत नाही.

पॉझचं बटण हेच तुमचं हत्यार. ते वापरायचं तर संगणकापाशी, मुलांकडे तोंड करून उभं राहावं लागतं. म्हणून तो पहिला प्रश्न विचारला.

एक तास पूर्ण मांडून दाखवते. आज्ञाधारकता. स्टॅनले मिलग्रॅम, येल विद्यापीठ. तुम्ही प्रयोग ओळीने सांगणार आणि मग क्लिप लावणार, बरोबर? उलटं करा. आधी फक्त परिस्थिती सांगा : वर्तमानपत्रातली जाहिरात वाचून आलेली साधी माणसं. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की विजेचा झटका द्यायचा, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, दर चुकीला एक बटण पुढे. झटके खोटे, पण देणाऱ्याला ते माहीत नाही. आता प्रत्येकाने चिठ्ठीवर लिहायचं : शंभरातले किती जण शेवटच्या बटणापर्यंत जातील? आणि तू किती व्होल्टला उठशील? नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या गोळा करून टेबलावर उपड्या ठेवा. मगच क्लिप. पलीकडचा माणूस 'मला बाहेर काढा' असं पहिल्यांदा ओरडतो ते १५० व्होल्टपाशी. तिथे थांबवा. काही बोलू नका. वर्गात जी शांतता पसरते ती पसरू द्या. आपल्याला मध्ये बोलायची फार घाई असते.

त्यानंतर चिठ्ठ्या उघडा. मिलग्रॅमनी येलच्याच १४ विद्यार्थ्यांना हा अंदाज विचारला होता, त्यांची सरासरी निघाली १.२ टक्के. प्रत्यक्षात १९६३ साली छापलेल्या पहिल्या अहवालात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. तुमच्या वर्गाचा आकडा फळ्यावर, त्याशेजारी १.२ आणि त्याशेजारी ६५. हे तीन आकडे शेजारी शेजारी पाहिलेला विद्यार्थी पाच वर्षांनीही प्रयोग सांगू शकतो. एक बारकावा मात्र सांभाळा. फिल्मवर दिसणारी माणसं त्या ४० जणांतली नाहीत. चित्रीकरण प्रयोगमालिकेच्या शेवटाकडे, मे १९६२ मध्ये झालं. हे सांगितलं की मुलं पुढच्या वेळी स्वतःहून विचारतात, 'मॅडम, हे खरे प्रयुक्त (प्रयोगात भाग घेतलेली माणसं) आहेत की नट?' तोच प्रश्न हवा आहे.

आणखी एक. क्लिप बघताना तुमची मुलं हसतील. चिडू नका. मिलग्रॅमच्या त्या ४० जणांपैकी १४ जणांनाही घाबरलेलं, न आवरणारं हसू आलं होतं. "आत्ता तुम्ही का हसलात?" हा तासाचा सगळ्यात चांगला प्रश्न ठरू शकतो.

आता मला खरी गंमत वाटते ती गोष्ट. भूगोलाच्या सरांनी ज्वालामुखीचा व्हिडिओ लावला तर तो ज्वालामुखीचं चित्रच असतो. वर्गात लाव्हा वाहत नाही. आपल्या विषयात मात्र काही व्हिडिओ म्हणजेच प्रयोग असतात. तो लावला की समोरचे तीस जण आपोआप प्रयुक्त होतात. असे व्हिडिओ शोधा. तुमची निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

सगळ्यात आवडता माझा म्हणजे १९४४ चा, फ्रिट्झ हायडर आणि मारियान सिमेल यांनी केलेला. एक मोठा त्रिकोण, एक छोटा त्रिकोण, एक वर्तुळ, आणि दार उघडमीट होणारी एक चौकट. बस्स. आकृत्या इकडून तिकडे सरकतात. आवाज नाही, शब्द नाही, त्यामुळे इंग्रजीचा प्रश्नच मिटला. मिनिट-दीड मिनिटात संपतं. दाखवा आणि सांगा, "काय झालं ते चार ओळींत लिहा." हायडर-सिमेल यांच्या ३४ जणांपैकी फक्त एकाने ते भूमितीच्या भाषेत लिहिलं, बाकीच्यांनी गोष्ट लिहिली. माझ्या वर्गात मोठा त्रिकोण कधी सावकार असायचा, कधी दारू पिऊन आलेला नवरा. एका मुलीने लिहिलं होतं, 'मोठा त्रिकोण मुलीचा बाप आहे आणि छोटा त्रिकोण दुसऱ्या जातीचा आहे.' मी ती वही कितीतरी वेळ हातात धरून बसले. गुणारोपण शिकवायला त्यानंतर आणखी काय लागतं? सरकणाऱ्या आकृत्यांना आपण हेतू चिकटवतो, तर बसमध्ये धक्का लागलेल्या माणसाला किती पटकन चिकटवत असू!

दुसरा आहे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा, १९७४ चा. त्यांनी ४५ विद्यार्थ्यांना मोटारींच्या टकरीच्या सात छोट्या फिल्म दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. फरक फक्त क्रियापदात. सगळ्यात जोरकस क्रियापद ऐकलेल्यांनी सरासरी ताशी चाळीस मैलांच्या जरा वर सांगितला, सगळ्यात सौम्य ऐकलेल्यांनी ३१.८. मग १५० जणांवर पुढचा प्रयोग केला. आठवड्यानंतर विचारलं, 'फुटलेली काच पाहिली का?' फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. जोरकस क्रियापदवाल्या ५० पैकी १६ जणांना ती 'दिसली' होती, साध्या क्रियापदवाल्या ५० पैकी ७ जणांना.

हे मराठीत करून बघा, कारण अशा क्रियापदांत आपली भाषा श्रीमंत आहे. अर्ध्या वर्गाच्या चिठ्ठीवर 'गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा वेग किती असेल?', उरलेल्यांच्या चिठ्ठीवर 'गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा वेग किती असेल?' चिठ्ठ्या दोन प्रकारच्या आहेत हे कुणाला कळू देऊ नका. सरासरी फळ्यावर मुलांकडूनच काढून घ्या, म्हणजे संख्याशास्त्राचाही तास झाला. वर्ग लहान आहे, आकडे कधी उलटेही येतील. आले तर उत्तमच. का आले यावर पुढचा अर्धा तास छान जातो. फक्त क्लिप निवडताना रस्त्यावरच्या खऱ्या अपघाताची घेऊ नका. हायवेवरच्या गावात वर्गातल्या कुणाच्या घरी काय घडलं असेल, आपल्याला ठाऊक नसतं. पुतळे बसवून गाड्यांची चाचणी घेतात, तसलं चित्रण घ्या आणि त्यात काच फुटत नाही ना, ते आधी तपासा. नाहीतर आठवड्याने तोंडघशी पडाल. (मी पडले आहे.)

बास्केटबॉलचे पास मोजायला लावणारा आणि मधूनच गोरिला चालत जाणारा १९९९ चा व्हिडिओ तुम्हाला माहीत असेलच. सायमन्स आणि शाब्री यांच्या प्रयोगात जवळजवळ निम्म्यांना गोरिला दिसला नव्हता. अडचण अशी की रीलमधून तो आता पोराटोरांना पाठ आहे. मग सायमन्स यांनीच २०१० मध्ये केलेला दुसरा लावा. त्यात ज्यांना गोरिला माहीत असतो ते ऐटीत त्याची वाट बघतात, आणि मागच्या पडद्याचा रंग बदलला, एक खेळाडू निघून गेली, हे त्यांच्या गावीही नसतं. शहाण्यांची जिरते ती बघण्यासारखी असते.

भाषेचं थोडक्यात सांगते. इंग्रजी आवाज, खाली इंग्रजी अक्षरं आणि वरून तुमचं मराठी बोलणं, असं तिन्ही एकदम चालवू नका. मुलांच्या हाती काहीच लागत नाही. आवाज बंद करा, तुम्ही बोला. पारिभाषिक शब्द दोन्ही सांगा, कारण प्रश्नपत्रिकेत 'अभिसंधान' येणार आणि नेटवर 'कंडिशनिंग' सापडणार. एकच गोष्ट आहे हे आमच्या एका मुलाला टी.वाय.ला कळलं!

आणि 'घरी व्हिडिओ बघून या' हा गृहपाठ तुमच्या वर्गाला देऊ नका. सकाळी दूध घालून येणारा मुलगा आणि घरात एकच फोन असलेली मुलगी यांच्यासाठी तो गृहपाठ राहत नाही, शिक्षा होते. क्लिप आधी डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेवा, नेटच्या आणि विजेच्या भरवशावर राहू नका, आणि वीज गेली तर ती क्लिप तोंडी कशी सांगायची याची तयारी ठेवा. हायडरचे त्रिकोण पुठ्ठ्याचे कापून टेबलावर सरकवता येतात. मी सरकवले आहेत.

राहिले यूट्यूबवरचे सर. मुलगा म्हणाला ते त्याला खरंच तसं वाटत असणार, त्यात उद्धटपणा शोधू नका. २०१३ मध्ये शाना कारपेंटर आणि सहकाऱ्यांनी एक छान प्रयोग केला. तिरंगी मांजरं जवळजवळ नेहमी माद्याच का असतात, हे सांगणारा छोटा व्हिडिओ एकाच बाईंकडून दोन प्रकारे करून घेतला. एकात त्या ताठ उभ्या, समोर बघून, घडाघडा बोलतात. दुसऱ्यात वाकून कागदात बघत, अडखळत. मजकूर तोच. पहिला व्हिडिओ पाहिलेल्यांना खात्री होती की आपल्याला जास्त आठवेल. प्रत्यक्ष चाचणीत दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. कानाला गोड लागलं की डोक्यात गेलं असं वाटतं, एवढंच. हा प्रयोग त्या मुलाला सांगा, आणि मग त्याच्याच आवडत्या सरांचा दहा मिनिटांचा व्हिडिओ वर्गात लावा. दर तीन मिनिटांनी थांबवून दोन प्रश्न, उत्तर वहीत. २०१३ मध्येच कार्ल श्पुनार आणि सहकाऱ्यांनी २१ मिनिटांच्या एका ऑनलाइन व्याख्यानाचे चार तुकडे करून हेच केलं होतं. अधूनमधून 'आत्ता मन कुठे आहे?' असं विचारलं, तेव्हा मध्ये मध्ये चाचणी दिलेल्यांचं मन १९ टक्के वेळा भरकटलेलं सापडलं, न दिलेल्यांचं ४१ टक्के. ते सर भारी असतील, पण त्यांना पॉझ करणारं माणूस वर्गात लागतंच. त्यांच्याशी स्पर्धा करू नका, त्यांना कामाला लावा.

आता त्या मुलीबद्दल. पत्रात हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला वाटतं रात्री तुम्हाला तेच आठवत असावं.

पहिलं काम व्हिडिओचं नाही. तिला भेटा. फोन करू नका, मैत्रिणीकडून निरोप धाडू नका, वर्गात तर विषयच काढू नका. कॅन्टीनपाशी, जिन्यात, सहज. "त्या दिवशी मी आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं." एवढं पुरे. ती बोलली तर ऐका, नाही बोलली तर हरकत नाही. तुम्ही तिच्या प्राध्यापिका आहात, समुपदेशक होऊ नका. मानसशास्त्र शिकवणाऱ्यांना हा मोह फार होतो. शासनाची टेली-मानस हेल्पलाइन आहे, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास. तो क्रमांक वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायमचा लिहून ठेवा, म्हणजे कुणा एकीला उद्देशून दिल्यासारखं वाटत नाही.

यापुढे नैराश्य, आत्महत्या, हिंसा यांवरचं काहीही दाखवायचं असेल तर आदल्या दिवशी सांगा. 'उद्या हा विषय आहे, ज्यांना नको वाटेल त्यांनी ग्रंथालयात बसा, हजेरी लागेल, कारण विचारणार नाही.' आणि मनात प्रश्न विचारा : ही क्लिप मला कशाला हवी आहे? लक्षणं तर पुस्तकातूनही शिकवता येतात. रडणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवला की वर्ग गप्प होतो, म्हणून आपण तो दाखवतो. मला हे कारण पुरेसं वाटत नाही. खऱ्या रुग्णांचे, कुणीतरी मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ तर अजिबात नकोत. उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीवाचून माध्यमांना देता येत नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाच सांगतो. वर्गात दाखवणाऱ्यानेही तेवढी चाड ठेवावी. शिवाय अशा क्लिपनंतर घरोघर निदानं सुरू होतात. 'मॅडम, माझ्या आत्याला बायपोलर आहे बहुतेक.' आत्याचं घरात कुणाशी पटत नाही, एवढंच असतं.

अपसामान्य मानसशास्त्रासाठी काही दाखवायचंच तर तज्ज्ञ काय बोलतात ते दाखवा. मानसिक आरोग्यासाठी काम करणाऱ्या ठाण्याच्या आयपीएच संस्थेचे मराठी व्हिडिओ आहेत, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णींच्या बोलण्यात आपल्या घरातली उदाहरणं येतात. मुलांना आपल्याच भाषेत 'नैराश्य' हा शब्द लाज न वाटता उच्चारलेला ऐकायला मिळणं, हेच खूप झालं.

प्राचार्यांना फोटो हवा असतो. प्रोजेक्टर चालू, मुलं चिठ्ठ्या लिहिताहेत, असा एक काढून फाइलला लावा आणि मोकळ्या व्हा. स्टाफरूममधल्या सरांशी वाद घालू नका. त्यांना एखाद्या दिवशी तासाला बोलवा, हातात चिठ्ठी द्या, गाड्या 'आदळलेली' द्या की 'लागलेली', तुम्ही ठरवा. काही न सांगता. आठवड्याने चहा घेताना सहज विचारा, "सर, त्या क्लिपमध्ये काच फुटली होती ना?"

सुरुवात त्रिकोणांपासून करा. पाऊण तासात फक्त दीड मिनिट पडदा चालू, बाकी सगळा वेळ तुम्ही आणि मुलं. आणि तुमच्या वर्गातला मोठा त्रिकोण कोण निघाला, ते मला जरूर कळवा.